बूट० दाबलं तरी डीएफयू येत नाही: एसटीएम३२ वर यूएसबीतून फर्मवेअर टाकताना बूट मोड कुठे अडतो

एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये यूएसबीतून फर्मवेअर, म्हणजे चिपवर चालणारा प्रोग्रॅम, टाकायच्या पद्धतीला डीएफयू म्हणतात. तिच्याबद्दलची तक्रार बहुधा एकाच साच्यात येते. बूट० चं, म्हणजे चिप कुठून सुरू व्हावी ते सांगणाऱ्या पिनचं, बटण दाबून धरलं, रीसेट दिलं, केबल लावलेली आहे, पण कॉम्प्युटरवर काहीच उगवत नाही. किंवा पहिल्यांदा फर्मवेअर सुरळीत गेलं आणि दुसऱ्या वेळेपासून डीएफयू यायचंच बंद झालं. किंवा सकाळी येत नाही, दुपारी येतं. मग ड्रायव्हर बदला, केबल बदला, क्यूबप्रोग्रॅमर (फर्मवेअर टाकायचं उत्पादक एसटीचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका, असं सुरू होतं आणि अर्धा दिवस त्यातच जातो. खरं तर बऱ्याचदा कॉम्प्युटरचा काही दोष नसतो. चिप बूटलोडरमध्ये, म्हणजे फर्मवेअर आत घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, गेलेलीच नसते, किंवा गेलेली असते पण यूएसबी सोडून भलत्याच पोर्टला चिकटलेली असते.

बटण सगळं ठरवत नाही. चिप कुठून सुरू होणार हे काही चिपांत पिनच्या पातळीवर ठरतं, काहींत ऑप्शन बाइटवर (चिपमधल्या कायम राहणाऱ्या सेटिंग्जवर), आणि काहींत फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवणारी मेमरी, रिकामी आहे की भरलेली यावरही. बूटलोडर सुरू झाल्यावर तो कोणता पोर्ट धरणार हे त्या त्या पोर्टच्या पिनांवर त्या क्षणी काय चाललंय यावर ठरतं. आणि यूएसबी धरलं तरी ते चालणार की नाही, हे क्लॉकवर. शोधही याच क्रमाने घ्यावा.

रॉममध्ये यूएसबी आहे का?

एफ१०३ म्हणजे ‘ब्लू पिल’वरची चिप. हिला यूएसबी आहे, पण कारखान्यातून येणाऱ्या रॉम बूटलोडरमध्ये यूएसबी डीएफयू नाही. १एफएफएफएफ००० या पत्त्यावरच्या त्या २ केबीच्या बूटलोडरला फक्त यूएसएआरटी१ हा सिरियल पोर्ट कळतो, म्हणजे पीए९ आणि पीए१० या पिना. या बोर्डावर बूट० चा जंपर १ वर टाकून यूएसबीतून डीएफयूची वाट बघणं व्यर्थ आहे. ते कधीच येणार नाही.

यूएसबी हवंच असेल तर एकदा सिरियलवरून किंवा एसटी-लिंकने (एसटीच्या डीबगरने) फ्लॅशच्या सुरुवातीला, ०८०००००० वर, वेगळा यूएसबी बूटलोडर टाकावा लागतो. एसटीएम३२ड्युइनोचा बूटलोडर टाकला तर ॲप्लिकेशन ०८००२००० पासून लिंक करायचं. एक गोष्ट इथे उलटी होते: हा बूटलोडर साध्या फ्लॅशमध्ये बसलेला असल्यामुळे बूट० आता ० वरच ठेवायचा. सवयीने १ वर टाकला की चिप पुन्हा रॉमच्या सिरियल बूटलोडरमध्ये जाते आणि यूएसबी गायब होतं. शिवाय ब्लू पिलच्या अनेक नगांवर डी+ चा पुल-अप (ओळ वरच्या पातळीला खेचणारा रेझिस्टर) आर१० हा १.५ के (किलोओहम) ऐवजी १० के असतो. काही कॉम्प्युटर ते खपवून घेतात, काही घेत नाहीत. आर१० बदलायचा नसेल तर पीए१२ आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १.८ के जोडावा. १० के ला समांतर जोडला की तो १.५ के च्या अगदी जवळ येतो.

एफ४०१, एफ४०५, एफ४०७, एफ४११, एफ०७२, जी४, जी०बी१ यांच्या रॉममध्ये डीएफयू आहे. जी०३१ आणि जी०७१ मध्ये मुळात यूएसबीच नाही, तिथे प्रश्न मिटला.

न्यूक्लिओ बोर्ड वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं की न्यूक्लिओ-६४ वरचा यूएसबी कनेक्टर एसटी-लिंकचा आहे, मुख्य चिपचा नाही. डीएफयू तपासायचं तर यूएसबी केबल कापून हिरवी तार पीए१२ ला, पांढरी पीए११ ला आणि काळी ग्राउंडला जोडावी लागते. हिरवी-पांढरी अदलाबदल झाली तर लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये ‘फुल-स्पीड’ऐवजी ‘लो-स्पीड’ डिव्हाइस आल्याची नोंद दिसते, कारण पुल-अप चुकून डी− वर जातो. या चिप लो-स्पीडवर कधीच येत नाहीत, म्हणून ती ओळ दिसली की थेट तारा बघाव्यात.

चिप आत्ता नेमकी कुठे आहे?

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. एसटी-लिंक जोडा आणि क्यूबप्रोग्रॅमरमध्ये कनेक्ट करताना ‘हॉट प्लग’ मोड निवडा. नेहमीच्या मोडमध्ये जोडतानाच रीसेट दिला जातो आणि जी अवस्था बघायची ती पुसली जाते. जोडल्यावर कोअरचे रजिस्टर उघडून पीसी, म्हणजे प्रोग्रॅम काउंटर, वाचा.

पीसी १एफएफएफ ने सुरू होत असेल तर चिप बूटलोडरमध्ये आहे. बूट मोडचं काम झालेलं आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. पीसी ०८०० ने सुरू होत असेल तर चिप तुमचंच ॲप्लिकेशन चालवते आहे, म्हणजे बूट० ची पातळी पोचलीच नाही किंवा ऑप्शन बाइट तिच्याकडे बघत नाहीत. २००० ने सुरू होत असेल, किंवा चिप हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्यावरच्या अवस्थेत, अडकलेली दिसली, तर ती एसरॅममधून (चिपच्या आतल्या रॅममधून) बूट झाली असण्याचा दाट संशय घ्यावा.

एसटी-लिंक नसेल तर ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर चालतो. त्याचा टीएक्स पीए१० ला, आरएक्स पीए९ ला, ग्राउंड ग्राउंडला. ११५२०० बॉड, ८ बिट, ईव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट. बूटलोडरमध्ये गेल्यावर एकच बाइट पाठवा: हेक्स ७एफ. उत्तरात हेक्स ७९ आलं तर बूटलोडर जिवंत आहे. पॅरिटी ‘नन’ ठेवली तर उत्तर येणार नाही आणि चांगल्या चिपवरही नाहक संशय येईल. या चाचणीनंतर बूटलोडर सिरियलशी बांधला जातो, त्यामुळे यूएसबी पुन्हा बघायच्या आधी ॲडॉप्टर काढून रीसेट द्यावा.

बूट० आणि बूट१, एफ४ मध्ये

इथलं गणित सोपं आहे. बूट० ० असेल तर फ्लॅश. बूट० १ आणि बूट१ ० असेल तर रॉम बूटलोडर. दोन्ही १ असतील तर एसरॅम. गफलत बूट१ मध्ये होते, कारण ती पिन म्हणजे साधी पीबी२. कोणी पीबी२ ला एलईडी, बटण किंवा एखाद्या सेन्सरची इंटरप्ट ओळ जोडतो, तिला पुल-अप असतो, ॲप्लिकेशन छान चालतं, आणि डीएफयूची वेळ आली की चिप एसरॅममध्ये जाऊन पडते. पीबी२ ला १० के चा पुल-डाउन द्या आणि रीसेटच्या वेळी ती वर खेचेल असं काही तिच्यावर लावू नका.

या पिन रीसेट सुटल्यावर क्लॉकच्या चौथ्या चढत्या कडेला वाचल्या जातात, नंतर नाही. त्यामुळे बूट० आधी दाबायचं, मग रीसेट दाबून सोडायचं, आणि अर्ध्या सेकंदाने बूट० सोडायचं. चालू बोर्डावर नुसतं बूट० दाबून काही होत नाही. केबल काढून-घालून रीसेट देत असाल तर बोर्डाला बॅटरी किंवा एसटी-लिंकमधून वीज मिळत नाही ना ते बघा. मिळत असेल तर रीसेट झालाच नाही.

बूट० ला आतून पुल-डाउन नसतो, बाहेरून १० के लागतोच. तो नसला तर चिप कधी इकडे, कधी तिकडे. स्टँडबायमधून उठतानाही बूट पिन पुन्हा वाचल्या जातात. म्हणून बॅटरीवरचं यंत्र झोपेतून उठायचं कधीमधी विसरत असेल, तर फर्मवेअर तपासण्याआधी हा रेझिस्टर तपासा.

पीबी८ चा सापळा: जी४

जी४ मध्ये बूट० ला स्वतंत्र पिन नाही, ती पीबी८ वर आहे. आणि पीबी८ ला इतर कामंही आहेत: आय२सी१ बसची क्लॉक ओळ एससीएल आणि एफडीकॅन१ या कॅन बसची आत येणारी ओळ आरएक्स.

जी४३१ वर यूएसबी-कॅन ॲडॉप्टर बनवणाऱ्याला हा सापळा चुकवताच येत नाही. या चिपमध्ये कॅन एकच, आणि त्याचा आरएक्स तीनच ठिकाणी येतो: पीए११, पीबी८ किंवा पीडी०. पीए११ यूएसबीने घेतलेली. ४८ पिनांच्या पॅकेजवर पीडी० नाहीच. उरली पीबी८. कॅन ट्रान्सीव्हरचा आरएक्सडी बस शांत असताना वर असतो, म्हणजे प्रत्येक रीसेटला बूट० १ आणि प्रत्येक वेळी चिप बूटलोडरमध्ये. बोर्ड डीबगरखाली चालतो, कारण डीबगर पीसी स्वतः फ्लॅशवर नेऊन ठेवतो. डीबगर काढला की बोर्ड मेल्यासारखा. एससीएलवर ४.७ के चा पुल-अप असेल तरी हेच होतं.

इथे पुल-डाउन लावून भागत नाही, ट्रान्सीव्हरचा आउटपुट त्याला सहज हरवतो. उपाय ऑप्शन बाइटमध्ये आहे. एनएसडब्ल्यूबूट० हा बिट कारखान्यातून १ असतो, म्हणजे ‘पिन बघ’. तो ० केला की चिप पिनकडे दुर्लक्ष करते आणि एनबूट० हा बिट बघते. एनबूट० १ म्हणजे फ्लॅश, ० म्हणजे रॉम. तेव्हा एनएसडब्ल्यूबूट० ० आणि एनबूट० १.

यात एक सोय आहे. कोरी चिप या बोर्डावर आपोआप डीएफयूमध्येच येते, कारण पीबी८ वर आहे. त्यामुळे पहिल्याच जोडणीत फर्मवेअर टाकायचं आणि त्याच सत्रात क्यूबप्रोग्रॅमरच्या ऑप्शन बाइट टॅबमधून हे दोन बिट लिहायचे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी फर्मवेअर, मग बिट. उलट केलं तर ऑप्शन बाइट लागू होताच चिप रिकाम्या फ्लॅशकडे वळेल आणि एसटी-लिंक शोधावा लागेल. बिट बदलल्यावर बटणाचा रस्ता बंद होतो, म्हणून त्या पहिल्या फर्मवेअरमध्येच डीएफयूत जाण्याची सोय असायला हवी. ती कशी करायची ते पुढे आहे. काही झालं तरी एसडब्ल्यूडीचे (एसटी-लिंक जोडायचे) पॅड बोर्डावर ठेवाच. जागा वाचवायला ते काढणं या चिपवर फार महाग पडतं.

जी०बी१: पहिल्यांदा जातं, नंतर जात नाही

जी० मध्ये बूट० पीए१४ वर आहे, म्हणजे एसटी-लिंकच्या क्लॉकच्या, एसडब्ल्यूसीएलकेच्याच पिनवर. आणि ऑप्शन बिटचा अर्थ जी४ च्या नेमका उलटा. जी० मधला एनबूट_सेल कारखान्यातून १ असतो आणि त्या १ चा अर्थ ‘पिन बघू नको, बिट बघ’ असा आहे. बिट म्हणतो फ्लॅश. मग पहिल्यांदा डीएफयू कसं आलं? फ्लॅश रिकामी असल्याचं चिपला कळतं आणि ती आपणहून बूटलोडरमध्ये जाते. लोकांना वाटतं बटणाने काम केलं. फर्मवेअर गेल्यावर फ्लॅश रिकामी राहत नाही, आणि बटण मुळात कधी जोडलेलंच नव्हतं हे उघडं पडतं.

एनबूट_सेल ० करा, मग पीए१४ वरचं बटण मानलं जाईल. हे पहिल्याच डीएफयू सत्रात उरकून घ्यावं. बटण पीए१४ आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये हवं, आणि डीएफयूच्या वेळी एसटी-लिंक काढलेला हवा, नाहीतर त्याची क्लॉकची तार आणि बटण एकमेकांशी भांडतात.

फ्लॅश रिकामी असल्याची नोंद चिप फक्त वीज येताना किंवा ऑप्शन बाइट लोड होताना घेते. साध्या रीसेटला ती नोंद बदलत नाही. म्हणून कोऱ्या चिपमध्ये फर्मवेअर टाकून रीसेट दिला आणि बोर्ड पुन्हा बूटलोडरमध्येच गेला, तर फर्मवेअर बिघडलेलं नाही. वीज काढून पुन्हा द्या.

बूटलोडरमध्ये आहे, पण यूएसबीवर नाही

पीसी १एफएफएफ दाखवतोय, तरी कॉम्प्युटरवर शांतता. रॉम बूटलोडर एका चक्रात सगळे पोर्ट तपासत असतो: यूएसएआरटी, काही चिपवर कॅन, आय२सी, एसपीआय, आणि यूएसबी. ज्यावर आधी हालचाल दिसेल तो पोर्ट पक्का होतो आणि बाकीचे पुढच्या रीसेटपर्यंत बंद.

पीए१० तरंगती असेल तर तिच्यावरचा गोंगाटसुद्धा ‘हालचाल’ ठरू शकतो. १० के ने ती ३.३ व्होल्टला खेचा. सिरियलची विश्रांतीची पातळी वरचीच असते, त्यामुळे ॲप्लिकेशनमध्ये यूएसएआरटी१ वापरत असाल तरी अडचण येत नाही. एफ४०५ वर यूएसएआरटी३ चे पीबी११ आणि पीसी११ हेही तपासावेत.

ड्रोनच्या एफ४०५ फ्लाइट कंट्रोलरवर हा दोष हमखास भेटतो. यूएआरटी१ किंवा ३ वर जीपीएस किंवा रिसीव्हर जोडलेला असतो, त्याला यूएसबीच्याच ५ व्होल्टमधून वीज मिळते, आणि केबल लावताक्षणी तो बोलायला लागतो. बूटलोडर त्याचं ऐकत बसतो. त्या दोन पोर्टवरचे प्लग काढून पाहा. डीएफयू लगेच आलं तर दोष सापडला.

सकाळी येत नाही, दुपारी येतं

हे विचित्र वाटतं, पण याला पक्कं कारण आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण एफ४११ च्या ‘ब्लॅक पिल’वर ते पुन्हा पुन्हा भेटतं.

एफ४ च्या बूटलोडरला यूएसबीसाठी ४८ मेगाहर्ट्झ लागतात आणि ते तो बाहेरच्या क्रिस्टलवरून बनवतो. पण बोर्डावर कोणता क्रिस्टल आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो चिपच्या आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरशी क्रिस्टलची तुलना करतो आणि ४ ते २६ मधल्या कोणत्या पूर्ण मेगाहर्ट्झशी तो जुळतो ते ठरवतो. आतला ऑसिलेटर २५ अंश सेल्सियसला १ टक्क्याच्या आत असतो, तापमान बदललं की तो आणखी सरकतो.

आता ब्लॅक पिलवरचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा. शेजारच्या २४ आणि २६ पर्यंतचं अंतर ४ टक्के, म्हणजे निर्णय चुकायला २ टक्क्यांची चूक पुरते. १ टक्का कारखान्यातूनच गेला, उरलेला एसी लावलेल्या लॅबमध्ये किंवा थंडीच्या सकाळी जाऊ शकतो. बूटलोडरने २५ ला २४ समजलं तर यूएसबीचं क्लॉक ४८ ऐवजी ५० मेगाहर्ट्झ होतं, सुमारे ४ टक्के जास्त. फुल-स्पीड यूएसबी चालवून घेतं फक्त पाव टक्का. मग विंडोज ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दाखवतं आणि लिनक्सच्या लॉगमध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर −७१’ अशा ओळी लागतात.

८ मेगाहर्ट्झ असता तर शेजारी ७ आणि ९, अंतर साडेबारा टक्के, आणि चुकायला सहा टक्क्यांहून जास्त फरक लागला असता. स्वतःचा बोर्ड काढत असाल तर एफ४ वर ८ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल लावा. उत्पादक एसटीचीही शिफारस कमी वारंवारतेच्या क्रिस्टलचीच आहे. मला तर त्याहून बरी वाटते ती ज्या चिपला डीएफयूसाठी क्रिस्टलच लागत नाही ती: एफ०७२, जी४, जी०बी१. त्यांच्यात आतला ४८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर यूएसबीच्याच पॅकेटांवरून स्वतःला दुरुस्त करत राहतो.

हातातल्या ब्लॅक पिलचं काय करायचं? चिपवर अर्धा-एक मिनिट बोट दाबून धरा, म्हणजे ती पंचविशीच्या आसपास येईल, आणि मग पुन्हा बूट०-रीसेट करा. एवढ्याने आलं तर निदान पक्कं. नेहमीसाठी मात्र त्या बोर्डावर एसटी-लिंक वापरावा किंवा फ्लॅशमध्ये स्वतःचा बूटलोडर ठेवावा. त्याला क्रिस्टल २५ चा आहे हे कोडमध्येच सांगितलेलं असतं, ओळखायची वेळच येत नाही.

क्रिस्टल चालूच झाला नाही, म्हणजे सोल्डर सुटली किंवा लोड कॅपॅसिटर चुकले, तर एफ४०५ आणि एफ४०७ चा बूटलोडर यूएसबी दिसताच स्वतःला रीसेट करतो. तोवर बूट० सोडलेलं असेल तर ॲप्लिकेशन सुरू होतं. बटण बरोबर दाबलं, केबल लावली, आणि क्षणभराने जुनाच एलईडी लुकलुकायला लागला, तर क्रिस्टलच्या पायांकडे बघा.

दिसतं, पण लिहिलं जात नाही

यूएसबीच्या यादीत ०४८३:डीएफ११ (डीएफयूमधल्या एसटी चिपची ओळख) दिसलं की बूट मोडचं काम संपलं. आता मात्र कॉम्प्युटरची बाजू खरोखर तपासायची.

विंडोजवर क्यूबप्रोग्रॅमर आपला ड्रायव्हर टाकतो, डीएफयू-यूटिल या कमांड-लाइन साधनाला मात्र विनयूएसबी ड्रायव्हर लागतो. झॅडिग या साधनाने तो बदलावा लागतो. लिनक्सवर डिव्हाइस यादीत आहे पण उघडत नाही, तर एकदा सुडो लावून पाहा. तेव्हा चाललं तर ०४८३ आणि डीएफ११ साठी यूडेव्हचा (डिव्हाइस उघडायची परवानगी देणारा) नियम लिहा.

डीएफयू-यूटिलला हेक्स फाइल चालत नाही, बिन लागते, आणि बिनमध्ये पत्ता नसतो. तो आपण द्यायचा: ऑल्ट ० (मुख्य फ्लॅशचा विभाग), पत्ता ०८००००००. बाकीचे ऑल्ट ऑप्शन बाइट वगैरेंचे आहेत, तिथे चुकून बिन लिहू नये. फर्मवेअर एखाद्या बूटलोडरच्या मागे बसण्यासाठी, समजा ०८००८००० साठी, बांधलेलं असेल आणि तुम्ही ते ०८०००००० वर टाकलं, तर लिहिणं यशस्वी होतं आणि बोर्ड चालत नाही.

एफ४११सीई वर पहिले चार सेक्टर १६ केबीचे, मग एक ६४ चा आणि तीन १२८ चे. मोठा सेक्टर पुसायला एखाद-दोन सेकंद लागतात. तिथे पट्टी थांबली म्हणून केबल ओढू नका.

लिहून झाल्यावर ‘लीव्ह’ दिलं तर बूटलोडर ॲप्लिकेशनमध्ये थेट उडी मारतो, रीसेट होत नाही. पीएलएल, म्हणजे क्लॉकचा वेग वाढवणारं सर्किट, चालूच असतो. ॲप्लिकेशन क्लॉक नव्याने लावायला जातं आणि तिथे अडकतं. केबल काढून घातली की चालतं. ही खूण दिसली तर फर्मवेअरच्या सुरुवातीला क्लॉकची व्यवस्था मूळपदावर आणून मगच पुढे जा.

बोर्डाला वीजच येत नसेल आणि केबल सी-टू-सी असेल, तर कनेक्टरच्या सीसी१ आणि सीसी२ वर प्रत्येकी ५.१ के ग्राउंडला आहेत का ते बघा. ते नसलेले स्वस्त बोर्ड ए-टू-सी केबलवर चालतात आणि सी-टू-सी वर मरतात.

बटण नको असेल तर

बंद डब्यातल्या यंत्राला बूट० चं बटण नसतं. तिथे ॲप्लिकेशननेच बूटलोडरमध्ये जायचं. चालू ॲप्लिकेशनमधून थेट रॉममध्ये उडी मारणं शक्य आहे, पण मी ते सुचवणार नाही. पीएलएल, सिसटिक, यूएसबी, डीएमए, अर्धवट राहिलेले इंटरप्ट, हे सगळं नीट बंद करावं लागतं आणि एक तरी राहतंच.

त्यापेक्षा रीसेटमधून जा. कॉम्प्युटरकडून आज्ञा आली की एक ठरावीक खूणसंख्या आरटीसीच्या बॅकअप रजिस्टरमध्ये किंवा स्टार्टअप कोड पुसत नाही अशा रॅमच्या जागेत लिहा, आणि सिस्टिम रीसेट द्या. स्टार्टअपच्या अगदी पहिल्या ओळींत, क्लॉक लावायच्याही आधी, ती खूण तपासा. असेल तर प्रथम ती पुसा. हे विसरलात तर बोर्ड प्रत्येक रीसेटला डीएफयूमध्येच जात राहील. मग सिस्टिम मेमरी शून्य पत्त्यावर मॅप करा, १एफएफएफ०००० वरचा पहिला शब्द स्टॅक पॉइंटरमध्ये घाला आणि दुसऱ्या शब्दातल्या पत्त्यावर उडी मारा. हा पत्ता एफ४, जी४ आणि जी० साठी. एफ०७२ ला तो १एफएफएफसी८०० आहे.

उडीच्या आधी खबरदारी म्हणून इंटरप्ट बंद करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: रॉमचा डीएफयू यूएसबीच्या इंटरप्टवर चालतो. ते बंद ठेवून उडी मारली तर पीसी १एफएफएफ दाखवतो, सिरियलवर ७एफ ला ७९ येतं, आणि यूएसबी मात्र मुकं. उडीच्या ऐन आधी इंटरप्ट पुन्हा चालू करा.

पोर्टची निवड या मार्गानेही तशीच होते. पीए१० वर बडबडणारा जीपीएस असेल तर तो इथेही आडवा येणार.

आणि वाचन-संरक्षण. ते पातळी १ वर असताना रॉम बूटलोडर जोडला जातो, पण लिहू देत नाही. संरक्षण काढायला सांगितलं तर आधी अख्खी फ्लॅश पुसतो. पातळी २ वर एफ४ चा रॉम बूटलोडर कायमचा बंद होतो आणि ते कशानेही परत फिरवता येत नाही. म्हणजे ज्या वस्तूचं फर्मवेअर कॉपी होऊ नये म्हणून संरक्षण लावायचं आहे आणि ग्राहकाकडे यूएसबीतून अपडेटही द्यायचं आहे, तिथे रॉमचा डीएफयू निवडताच येत नाही. फ्लॅशच्या सुरुवातीला स्वतःचा बूटलोडर ठेवावा लागतो. एफ४ वर त्याला पहिले दोन सेक्टर, म्हणजे ३२ केबी, राखून ठेवा आणि ॲप्लिकेशन ०८००८००० पासून सुरू करा. लिंकर फाइल आणि व्हेक्टर टेबलचा (इंटरप्टच्या पत्त्यांच्या यादीचा) पत्ता, दोन्ही बदला. फक्त लिंकर बदलला तर पहिल्या इंटरप्टपर्यंत सगळं ठीक चालतं आणि तिथेच कोसळतं.